डॉक्टर म्हणतात भात बंद करा. कोकणात राहून रोजचं जेवण नक्की कसं ठेवायचं?

पडवीतला (देवगड)

नमस्कार मंडळी. देवगड तालुक्यात खाडीच्या अंगाला आमचं घर आणि हापूसची बाग आहे. घरात चौघं: आई ६८ वर्षांची, मी ४४, बायको आणि आठवीतला मुलगा. मुंबईची नोकरी सोडून गावी येऊन काही वर्षं झाली.

गेल्या महिन्यात आम्ही माय-लेकांनी तपासण्या केल्या. माझं एचबीए१सी ६.१ आलं, उपाशीपोटीची साखर ११२. आईला बीपीची गोळी चालू आहे तरी १५०/९० च्या खाली येत नाही. डॉक्टर माणूस चांगला, पण बाहेर रांग मोठी. "भात बंद करा, मीठ कमी करा, रोज चाला" एवढं सांगून पुढच्या पेशंटला आत घेतलं.

घरी आल्यावर खरी पंचाईत सुरू झाली. आईचं एकच म्हणणं, "भात नाय तर जेवान कसला?" बायकोने मोबाइलवर शोधून यादी काढली: ओट्स, किन्वा, ब्रोकोली, ऑलिव्ह तेल. कणकवलीहून ओट्सचं पाकीट आणलं, ते अर्धं तसंच डब्यात पडून आहे. घरात कुणालाच ते जेवण वाटत नाही.

आमचं रोजचं सांगतो. सकाळी उठल्यावर चहा आणि सोबत बटर किंवा खारी. नऊच्या सुमारास घावणे, आंबोळी किंवा पेज. दुपारी दीडला भात, माशाची आमटी, तळलेली तुकडी, लोणचं. चारला परत चहा. कुणी आलं-गेलं की त्यांच्याबरोबर आणखी एक. रात्री साडेनऊ-दहाला पुन्हा भात. बागेतलं अंगमेहनतीचं काम गडी करतात, मी बाइकवरून फेरी मारतो.

मला विचारायचं आहे ते असं: भात खरोखर पूर्ण सोडायचा का? आपल्याकडे जे पिकतं आणि बाजारात जे मिळतं, तेवढ्यात हे बसवता येईल का? आणि आईचं मीठ कमी करायचं तरी कुठून? ताटात वरून मीठ ती कधीच घेत नाही.

भाट्ये_सकाळ (रत्नागिरी)

मी स्पष्ट सांगतो, भात बंद करा. माझी साखर तुमच्यापेक्षा वर होती. दोन्ही वेळा भाकरी-भाजीवर आलो, पहाटे भाट्याच्या किनाऱ्यावर चालायला लागलो आणि वर्षभरात रिपोर्ट नॉर्मल झाला. थोडा खातो, थोडा खातो म्हणत राहिलं की सुटत नाही. पहिले पंधरा दिवस जड जातील, पुढे आठवणही येत नाही. आईंचं वय बघता त्यांच्यावर जबरदस्ती करू नका, पण तुम्ही ४४ चे आहात. आत्ताच ठरवा.

खाडीकाठची (राजापूर)

दादा, मी तुमच्या शेजारच्या तालुक्यातली. सगळी नोकरी उपकेंद्रात आरोग्य सेविका म्हणून केली, आता निवृत्त आहे. सुरुवातीला आमच्या वह्यांत बाळंतपणं, लसीकरण आणि हिवताप असायचा. नंतर तिशीच्या पुढच्या प्रत्येकाचं बीपी आणि साखर तपासायचं काम आलं. ज्या घरांच्या ओटीवर बसून मी बाळांची वजनं केली होती, त्याच घरांतली तीच मुलं मोठी होऊन साखरेच्या यादीत यायला लागली. मला ते फार लागलं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी तुमचा आकडा. ६.१ म्हणजे मधुमेह नव्हे. ५.७ ते ६.४ ही मधुमेहापूर्वीची पायरी, ६.५ पासून पुढे मधुमेह धरतात. ही तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखवते, त्यामुळे आज जे बदलाल ते तीन महिन्यांनी कागदावर दिसेल. पंधरा दिवसांनी परत रक्त देऊन निराश होऊ नका. या पायरीवरून मागे फिरलेली माणसं मी पाहिली आहेत, म्हणून तर एवढ्या कळकळीने लिहिते आहे.

भाट्ये_सकाळ यांना भात सोडणं जमलं याचा आनंद आहे. पण माझ्या पाहण्यात बहुतेक घरांत सोडलेला भात गणपतीत परत येतो आणि दुप्पट येतो. शिवाय एकाच घरात एकासाठी भाकरी आणि तिघांसाठी भात असं फार दिवस चालत नाही, चुलीपुढच्या बाईला ते झेपत नाही. म्हणून माझं म्हणणं: भात ठेवा, पण त्याची जागा कमी करा आणि त्याच्या शेजारी पूर्वी जे होतं ते परत आणा.

आपले आजे-पणजे तीन वेळा भात खायचे हे खरं. पण त्यात लावणी होती, जोत होतं, विहिरीवरून डोक्यावर कळश्या आणणं होतं, बाजाराला घाटी चढून जाणं होतं. आज विहिरीला पंप, वाटपाला मिक्सर, तिठ्यापर्यंत जायला बाइक. जेवण तेवढंच राहिलं आणि काम गेलं. दुसरी गोष्ट लोक विसरतात. तेव्हाच्या ताटात भात एकटा नसायचा. डोंगरउतारावर नाचणी आणि वरी व्हायची, भात कापला की त्याच मळ्यात कुळीथ पडायचा. १९९० नंतर रोजगार हमीतून फळबागा आल्या आणि वरकस जमिनीत, म्हणजे त्याच डोंगरउतारावर, आंबा-काजूची कलमं उभी राहिली. हातात पैसा आला, घरं पक्की झाली, मुलं शिकली, ते चांगलंच झालं. पण नाचणी विकत घ्यायची वस्तू झाली आणि हळूहळू आणायचीच राहिली.

आता स्वयंपाकघरात जाऊ. तुमच्या घरी भात वाढायचा डाव कुठला आहे तो हातात घ्या आणि एकदा भरून आमटीच्या वाटीत रिकामा करून बघा. आमच्याकडचा जुना पितळी डाव शिगोशीग भरला की वाटी भरून भात वर उरतो. पुरुषमाणसाला असे तीन डाव, मग आमटी उरली म्हणून थोडा, शेवटी सोलकढीबरोबर थोडा. म्हणजे एका बैठकीला पाच वाट्या सहज होतात आणि जेवणाऱ्याला वाटतं आपण बेताचंच जेवलो. तुम्ही दुपारी सपाट दोन वाट्या घ्या. रात्री एक वाटी, किंवा भात नको आणि एक भाकरी. पातेलं पानाशेजारी ठेवू नका, चुलीपाशीच राहू द्या.

आणि जेवायची सुरुवात भाताने करू नका. आपल्याकडे पहिला हात भात-आमटीलाच जातो. त्याऐवजी आधी वाटीभर भाजी किंवा उसळ खा, माशाची तुकडी खा, मग भाताला हात लावा. साखर सावकाश चढते आणि भातही आपोआप कमी लागतो.

तांदूळ घरचा उकडा असेल तर तोच ठेवा. भात तुसासकट उकडून मग वाळवून कांडतात ना, त्यात वरच्या कोंड्यातलं ब जीवनसत्त्व दाण्याच्या आत मुरतं, त्यामुळे सडल्यावरही बरंच टिकतं. पांढऱ्याशुभ्र पॉलिशच्या तांदळापेक्षा त्याने साखर काहीशी हळू चढते. मात्र उकडा आहे म्हणून चार वाट्या चालतील, असं होत नाही. माप त्यालाही तेच.

कुळीथ. पिठी तुमच्याकडे होत असणारच, पण ती घरात काही नसलं तर करायची म्हणून मागे पडली आहे. शंभर ग्रॅम कुळथात साधारण २२ ग्रॅम प्रथिनं असतात. आठवड्यातून तीन रात्री पिठी करा. मी अशी करते: कढईत चमचाभर तेल, भरपूर ठेचलेला लसूण, चिरलेला कांदा, दोन हिरव्या मिरच्या. कांदा मऊ झाला की पाणी, त्यात दोन सोलं (वाळवलेली कोकमं). पीठ वेगळ्या वाटीत गार पाण्यात कालवून मगच ओतायचं, थेट उकळीत टाकलं तर गुठळ्या होतात. मंद आचेवर ढवळत राहायचं. फुगून वर येते आणि कच्चा वास जातो तेव्हा झाली. पातळ केली तर भात जास्त लागतो, म्हणून जरा दाटच ठेवायची आणि भाकरीशी खायची. अख्ख्या कुळथाला मोड आणून उसळही करा. काळे वाटाणे, वाल, चवळी, मूग आलटून-पालटून. जेवणात रोज एक कडधान्य हवंच, मासे असले तरी.

नाचणीची भाकरी रात्रीसाठी उत्तम. आईंच्या हाडांसाठीही, कारण शंभर ग्रॅम नाचणीत साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असतं आणि पांढऱ्या तांदळात दहाच्या आसपास. सकाळी आंबील चालेल, ताक घालून. गूळ घालून गोड केलेली खीर तुमच्यासाठी नको, गुळाने साखर वाढत नाही हा समज मनातून काढून टाका. २०२३ हे भरडधान्यांचं वर्ष म्हणून जगभर पाळलं गेलं, तेव्हापासून नाचणीची बिस्किटं आणि कुकीज दुकानोदुकानी आल्या आहेत. पाकिटाच्या मागे वाचा. बऱ्याचदा आधी मैदा, मग साखर, मग नाचणी.

आता माझ्या डोळ्यात जे खुपलं ते. तुम्ही भाताबद्दल विचारलंत, पण तुमच्या दिवसाची सुरुवात बटर-खारीने होते. मैदा आणि डालडा, तेही अनशापोटी गोड चहाबरोबर. कपात दोन चमचे साखर आणि दिवसाला पाच कप धरले तर चाळीस-पन्नास ग्रॅम साखर नुसत्या चहातून जाते. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत असलेली बरी म्हणते, आणि त्यात बाकीचं गोडधोडही आलं. भाताचं माप करायच्या आधी हे बंद करा. दोन कप चहा, अर्धा चमचा साखर, आणि भूक असेल तर मूठभर भाजलेले शेंगदाणे किंवा उकडलेलं अंडं. चहा जेवणाला लागून घेऊ नका, अन्नातलं लोह अंगी लागत नाही. हे घरातल्या बायकांसाठी जास्त महत्त्वाचं, आपल्याकडे निम्म्या बायकांच्या अंगात रक्त कमी असतं.

रात्रीचं जेवण आठच्या आत. दहाला जेवून साडेदहाला आडवं झालं तर ती साखर वापरणार कोण? मालिका जेवल्यावर बघा. आणि जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं अंगणात किंवा वाडीतल्या रस्त्यावर फिरा, बॅटरी घेऊन, पावसाळ्यात पायांत काहीतरी घालून. जेवल्यानंतरच्या साखरेला त्याने खरंच लगाम बसतो. आठवड्याला एकूण दीडशे मिनिटं दमदार चालणं हवं, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतपत वेगाने. बाग तुमचीच आहे. बाइक फाटकापाशी लावा आणि उतारावरची फेरी पायी मारा. आठवड्यातून दोनदा गड्यांबरोबर खणायला, ओझं उचलायला लागा. स्नायू राहिले तर साखर जाळायला जागा राहते.

आईंच्या मिठाचं उत्तर तुमच्याच स्वयंपाकघरात आहे. दिवसाला माणशी पाच ग्रॅम, म्हणजे सपाट एक लहान चमचा, एवढंच मीठ हवं. त्या वरून घेत नसतील, पण लोणच्याची फोड, पापड, सांडगी मिरची, खारीतलं मीठ, भाकरीच्या पाण्यातलं, घावण्यातलं, आणि पावसाळ्यात सुका बांगडा! १ जून ते ३१ जुलै मोठ्या बोटी बंद असतात, तेव्हा आपण सुक्यावर असतो, आणि सुकं म्हणजे मीठच. त्यावर आगळाची, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसाची सोलकढी. आगळ टिकायला त्यात भरपूर मीठ घालतात हे लक्षातच येत नाही, कारण चव आंबट लागते. फळीवरची अमृत कोकमची बाटली बघाल तर ती साखरेने भरलेली. म्हणजे कोकमाच्या दोन बाटल्यांपैकी एक आईंनी जपून घ्यायची, दुसरी तुम्ही.

आणखी एक विचारते, राग मानू नका. आई मशेरी लावतात का? आपल्याकडे त्यांच्या वयाच्या कितीतरी बायका लावतात आणि डॉक्टरांना सांगत नाहीत, कारण ते कुणी विचारतच नाही. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. ती हिरडीतून रक्तात जाते आणि बीपी चढवते. तोंडाच्या कर्करोगाची भीती वेगळीच. असेल तर मिठाच्या आधी ती सोडवा, मायेने. आणि गोळी चालू असूनही १५०/९० राहत असेल तर नुसत्या जेवणावर भिस्त ठेवू नका, डॉक्टरांकडे परत जा. गोळी किंवा डोस बदलावा लागेल.

हर्णैची_वहिनी (दापोली)

काकींनी सगळं सांगितलंच आहे, मी माशापुरतं बोलते. आमचं घर बंदराजवळ, लिलाव रोज बघते. बाहेरची माणसं येतात ती पापलेट आणि सुरमई मागतात. रोजच्या जेवणाला त्याची काही गरज नाही. बांगडा, तारली, मांदेली घ्या. तेलकट मासे हृदयाला चांगले, ओमेगा तीन त्यांच्यात भरपूर. मांदेली तर काट्यासकट खातात, त्यातून कॅल्शियम मिळतं ते वेगळं. आणि खिशालाही परवडतं.

बिघडतं ते तळण्यात. रवा लावून तेलात सोडलं की तुकडी सगळं तेल पिऊन घेते. रोज तळायची काय गरज? तव्यावर चमचाभर तेलात झाकण ठेवून भाजा. किंवा बांगड्याचं तिखलं करा, मालवणकडे करतात तसं तिरफळं आणि सोलं घालून. त्यात वाटपाचं खोबरं लागत नाही आणि अंगाबरोबर रस ठेवला की भातही थोडकाच पुरतो. हळदीच्या पानात गुंडाळून निखाऱ्यावर भाजलेला बांगडा आमच्या घरी मुलांनासुद्धा आवडतो.

सुकं खायचंच असेल तर खारा बांगडा नको, जवळा किंवा करदी घ्या. कोमट पाण्यात भिजवून दोन-तीनदा धुऊन घ्या आणि त्या भाजीत वेगळं मीठ अजिबात घालू नका. कांदा जास्त, सुकट कमी. बीपीवाल्यांनी तेही क्वचितच.

पडवीतला (देवगड)

काकी, वहिनी, भाट्ये_सकाळ, तिघांचेही मनापासून आभार. डाव मोजला. आमचाही तसाच निघाला, बायको आणि मी एकमेकांकडे बघतच राहिलो. कालपासून बटर बंद केलं आहे आणि रात्रीचं पान आठला मांडतो आहोत.

आई मशेरी लावते. दिवसातून तीन वेळा तरी. डॉक्टरांना आम्ही कधी सांगितलंच नव्हतं.

दोन प्रश्न राहिले. आई सकाळी पेज सोडायला तयार नाही. आणि मी बागायतदार माणूस, एप्रिल-मे मध्ये घरात आढी लागलेली असते. आंबा मुळीच खायचा नाही का? माझं सगळं वर्ष त्या फळासाठी जातं. खोबऱ्याबद्दलही सांगा, आमच्याकडे रोज एक नारळ फुटतो.

खाडीकाठची (राजापूर)

आईंनी पेज सोडू नये. त्यांना साखर नाही आणि त्या वयात सकाळी पोटात गरम काही गेलं पाहिजे. फक्त पेजेबरोबर काय असतं ते बघा: लोणचं, पापड नाहीतर खारा बांगडा, आणि पेजेत मीठ वेगळं. तोंडी लावायला आदल्या रात्रीची उसळ द्या, मुगाची किंवा चवळीची, नाहीतर शेवग्याच्या पाल्याची भाजी. पेजेत मीठ नको. पहिले काही दिवस अळणी लागेल, नाक मुरडतील. जिभेला दोन-चार आठवड्यांत सवय होते, हे मी अनेक घरांत पाहिलं आहे. तुम्ही मात्र पेज टाळा. मऊ शिजलेला पातळ भात फार लवकर पचतो आणि साखर चढते. उन्हातान्हात जोताला जाणाऱ्या माणसासाठी ते खाणं होतं. तुम्ही नाचणीचा घावणा आणि अंडं खा.

आंबा खा. कुणी काही म्हणो, ज्याच्या अंगणात हापूस आहे त्याला "खाऊ नका" असं मी सांगणार नाही. पण तो जेवणावर नको, जेवणाच्या जागीही नको, आमरस-पुरी तर नकोच. शंभर ग्रॅम गरात साधारण १४ ग्रॅम साखर असते. मध्यम आकाराचा अर्धा आंबा, फोडी करून, चावून, दुपारी चारला चहाच्या जागी. त्या दिवशी दुपारच्या भातातली अर्धी वाटी कमी. आढीत डागी फळ उरतं ते वाया जाऊ नये म्हणून घरचेच संपवतात आणि दिवसाला चार-पाच आंबे होतात, बागायतदारांच्या घरी खरा घात तिथे होतो. डागी फळाचा गर काढून ठेवा, वाटून टाका, गड्यांना द्या. बोटातल्या थेंबाची साखर एकदा आंबा खाल्ल्यावर दोन तासांनी आणि एकदा न खाल्लेल्या दिवशी त्याच वेळेला बघा. १४० च्या आत राहत असेल तर तेवढं माप तुम्हाला चालतं आहे.

खोबरं. भाजीवर पखरलेलं ओलं खोबरं राहू द्या, पालेभाजी त्यानेच घशाखाली उतरते आणि आपल्याला पालेभाजी हवी आहे. पण ओल्या खोबऱ्यात तिसरा हिस्सा स्निग्ध असतो आणि तो जवळजवळ सगळा संपृक्त (सॅच्युरेटेड), म्हणजे हृदयाला न मानवणाऱ्या प्रकारचा. म्हणून एकाच जेवणात वाटपाची आमटी, भाजीवर खोबरं, नारळाच्या रसाची सोलकढी आणि वर तळलेली तुकडी असं चारही नको. आमटी वाटपाची असेल त्या दिवशी कढी बिनरसाची आणि मासा भाजलेला. चौघांना दिवसाला अर्धा नारळ पुष्कळ झाला. तेल माणशी महिन्याला अर्धा ते पाऊण लिटरच्या वर जायला नको. महिन्याच्या किराणाच्या यादीवरून लगेच कळेल.

पालेभाजीचं बोलले तर जून ते सप्टेंबर आपल्याला विकत काही आणायला नको. टाकळा कोवळा असताना, कुर्डू, फोडशी, भारंगी, अळू. गोकुळाष्टमीला आंबोळी, काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि शेवग्याच्या पाल्याची भाजी करतो, त्याच पाल्याची भाजी बाकी वर्षभर का करत नाही कोण जाणे, झाड तर दारातच असतं. ओळखीची नसेल ती रानभाजी मात्र तोडू नका, वाडीतल्या जाणत्या बाईला दाखवून मगच. भाजी आणि फळं मिळून दिवसाला निदान चारशे ग्रॅम पोटात गेली पाहिजेत, आणि कोकणात मासे असले की भाजी करायचीच नाही अशी रीत पडली आहे. ती मोडा. मुलालाही ह्याच ताटावर बसवा, त्याच्यासाठी वेगळं पाकिटातलं काही नको. त्याला तुमच्याकडून साखरेचा वारसा असू शकतो.

मशेरीबद्दल लिहिलंत, बरं केलंत. एकदम हिसकावून घेऊ नका. आधी दुपारची बंद, मग रात्रीची, सगळ्यात शेवटी सकाळची, कारण शौचाला होत नाही म्हणून सकाळची सुटत नाही. त्यासाठी उठल्यावर दोन तांबे कोमट पाणी द्या. दात घासायला साधी पेस्ट. हात रिकामा राहिला की आठवण येते, तेव्हा बडीशेप तोंडात.

भाट्ये_सकाळ (रत्नागिरी)

काकींचं मापाचं म्हणणं पटलं. मीही भाकरीवर आलो तेव्हा सुरुवातीला तीन-तीन तांदळाच्या भाकऱ्या खात होतो आणि साखर हलत नव्हती. तांदळाची भाकरी म्हणजे तांदूळच. नाचणी-ज्वारीवर आणि दीड भाकरीवर आलो तेव्हा फरक पडला. दादा, ज्यांना मध्ये थांबता येतं त्यांनी काकींचं ऐकावं. मला थांबता येत नाही, म्हणून माझा भात बंदच राहील.

पडवीतला (देवगड)

पटलं. आज फळी बघितली. आगळाच्या तीन बाटल्या निघाल्या, आईनेच मे मध्ये भरलेल्या. मिठाचं प्रमाण विचारलं तर म्हणाली, "हाताक येयत तेवढा." तिला सोलकढी रोज लागते. बिनमिठाची कशी करायची? आणि बाजारात कमी सोडियमचं मीठ मिळतं ते चालेल का?

हर्णैची_वहिनी (दापोली)

बिनमिठाची सोलं घरी सहज होतात. रातांबे फोडून बिया काढा आणि सालं कडक उन्हात वाळवा. बियांभोवतीच्या गराचा रस निघतो त्यात सालं बुडवून परत वाळवायची, असं तीन-चार वेळा. मीठ घालायचं नाही. चामड्यासारखी वाकतील पण ओली लागणार नाहीत इतकी वाळली पाहिजेत. पाऊस सुरू व्हायच्या आत काचेच्या बरणीत घट्ट झाकण लावून ठेवा, दमट हवेत बुरशी धरते. जागा असेल तर फ्रिजमध्येच. सोलकढीला पाच-सहा सोलं अर्धा तास कोमट पाण्यात भिजवून कुस्करायची, लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर आणि थोडासाच नारळाचा रस. मिठाची उणीव लसूण भरून काढतो. रंग आगळासारखा गडद येत नाही, आईंना आधीच सांगून ठेवा.

खाडीकाठची (राजापूर)

कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम असतं. मूत्रपिंड नाजूक असेल किंवा बीपीच्या काही ठरावीक गोळ्या चालू असतील तर रक्तातलं पोटॅशियम वाढून जिवावर बेतू शकतं. आईंची गोळी कुठली आहे ते डॉक्टरांना दाखवल्याशिवाय ते घरात आणू नका. साधंच मीठ ठेवा आणि कमी वापरा.

असलेलं आगळ टाकू नका, तुम्ही आणि मुलगा थोडं थोडं वापरून संपवा. आईंना सोलांची.

डॉक्टरांकडे जाण्याआधी एक आठवडा घरी बीपी लिहून ठेवा. सकाळी गोळी घेण्याआधी आणि रात्री जेवणाआधी. पाच मिनिटं खुर्चीत टेकून शांत बसायचं, पाय जमिनीला, हात टेबलावर छातीच्या उंचीला, बोलायचं नाही, आणि आधी अर्धा तास चहा किंवा मशेरी नको. दोनदा मोजून दोन्ही आकडे लिहा. ती वही, गोळ्यांचं पाकीट आणि मशेरीची गोष्ट, तिन्ही घेऊन जा. रांग कितीही मोठी असली तरी वही पुढे केली की डॉक्टर थांबून बघतात.